विषाचा वारसा : एक लहान पतंग आणि त्याची झाडे



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या सरांना एखाद्या किड्याचे नाव विचारले की ते आधी विचारायचे, ‘कोणत्या झाडावर होता?’ झाड सांगता आले नाही, तर ते पुन्हा जाऊन पाहून यायला लावायचे. त्यांनी दिल्लीतल्या मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना जीवशास्त्र शिकवले आणि माझ्या मते त्यांचे सगळे शास्त्र या एका प्रश्नात होते. म्हणून आजच्या व्याख्यानाला मी असा विषय निवडला, ज्याचे उत्तर त्या प्रश्नापासूनच सुरू होते.

पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, दिल्लीच्या दक्षिणेला अरवलीच्या खडकाळ उतारांवर जा. गवत शेंड्याकडून पिवळे पडू लागलेले असते. चालताना पायाजवळून पांढरे काहीतरी उडते, चार हात पुढे जाते आणि पुन्हा काडीवर बसते. उड्डाण संथ असते, घाई अजिबात नसते. हळूच खाली बसून पाहिले तर तो पतंग आहे हे कळते. पंख अंगाभोवती लपेटून घेतलेले असतात. पुढच्या पंखांचा रंग सायीसारखा, त्यावर काळ्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी आणि ओळींच्या मधल्या जागेत लालभडक डाग. मागचे पंख एरवी झाकलेले असतात, उडताना ते पांढरे दिसतात आणि त्यांची कड काळी, नागमोडी असते. पंख पसरून मोजला तर जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर भरतो. भर दुपारी, उघड्या गवतात, चिमण्या आणि वेडे राघू फिरत असताना हा इतका भडक जीव निवांत बसून असतो.

त्याचे शास्त्रीय नाव उटेथाइसा पुल्केला. लिनियसने १७५८ साली ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत त्याची नोंद केली. इंग्रजीत त्याला ‘क्रिम्झन-स्पेकल्ड’ म्हणतात. उटेथाइसा लोट्रिक्स नावाचा त्याचा एक भाऊबंद भारतातच आढळतो. तो इतका सारखा दिसतो की नुसत्या पंखांवरून दोघांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. त्यामुळे मी आज दोघांविषयी मिळून बोलणार आहे. दोघांचा संसार सारख्याच झाडांवर चालतो. भारतातल्या पतंगांवरचे हॅम्पसनचे चार खंड १८९२ ते १८९६ या काळात निघाले आणि आजही आपण ते उघडतो. त्यांत पंखांचे वर्णन सविस्तर आहे, अळीचे असलेच तर दोन-चार ओळींत. तो काळ मेलेले, टाचणीला लावलेले नमुने गोळा करण्याचा होता. अळीला मात्र जिवंत झाडावरच भेटावे लागते.

तर झाडे कोणती? पहिले घराणे खुळखुळ्याचे, म्हणजे क्रोटालारिया. तुमच्यापैकी ज्यांचे बालपण गावी गेले त्यांनी ताग पाहिला आहे. हिरवळीच्या खतासाठी पेरायचा, फुलोऱ्यावर आला की नांगरून जमिनीत गाडायचा. तो ताग याच प्रजातीतला. पिवळी, वाटाण्याच्या फुलासारखी फुले, फुगीर शेंगा आणि शेंग वाळली की आतले दाणे वाजतात. इकडे हिंदीत त्यांना झुनझुनिया म्हणतात. दिल्लीतला सर्वांत सामान्य खुळखुळा मात्र तागासारखा उंच नाही. क्रोटालारिया मेडिकाजिनिया ही तारेसारख्या बारीक फांद्यांची, जमिनीलगत पसरणारी वनस्पती आहे. तिची पाने तीन-तीन दलांची, फूल नखाएवढे आणि शेंग जवळजवळ मिऱ्याएवढी. रस्त्याच्या कडेला, पदपथाच्या फटीत, क्रिकेटच्या मैदानाच्या टोकाला ती असते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. गुरुग्रामच्या पुढे राजस्थानकडे सरकले की वाळूत क्रोटालारिया बुऱ्हिया भेटते. तिच्यावर पाने नावालाच, बाकी सगळ्या हिरव्या काड्या.

दुसरे घराणे भुरुंडीचे, म्हणजे हेलिओट्रोपियम. यमुनेच्या आणि तलावांच्या काठी, पाणी ओसरलेल्या चिखलात भुरुंडी वाढते. बारीक फुलांचा तिचा तुरा टोकाशी वळलेला असतो, म्हणून हिंदीत ती हाथीसूंड. कोरड्या माळावर याच प्रजातीतल्या दुसऱ्या, पांढऱ्या फुलांच्या जाती आहेत. तिसरी ट्रायकोडेस्मा. खरखरीत केसाळ पाने आणि खाली मान घातलेली फिकट निळी फुले. ही भुरुंडीच्याच कुळातली.

इथे पहिले कोडे पडते. खुळखुळा शेंगवर्गीय, भुरुंडी आणि ट्रायकोडेस्मा बोराजिनेसी कुळातल्या. वनस्पतींच्या वंशावळीत या दोन कुळांचा जवळचा काही संबंध नाही. पाने निराळी, फुले निराळी, फळे निराळी. मग एकच पतंग या दोन्हींवर अंडी का घालतो आणि मधल्या शेकडो वनस्पती का सोडून देतो? कारण या दोन्ही कुळांनी स्वतंत्रपणे एकच विष बनवायची कला साधली आहे. पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स या गटातली रसायने दोन्हींच्या अंगात असतात. आपण रूपावरून नाती लावतो, पतंग रसायनावरून लावतो.

आता अंड्यापासून पाहू. अंडी मोत्यासारखी गोल, फिकट पिवळसर, बहुधा पानाच्या खालच्या बाजूला घातलेली. उबदार हवेत ती काही दिवसांतच फुटतात. बाहेर आलेली अळी आधी पान खरवडते, मग कुरतडते. ती कात टाकत मोठी होते तसे तिचे रंग उघडतात. अंग काळपट राखाडी, पाठीवरून लांबीच्या दिशेने पांढरी रेघ, प्रत्येक वलयावर नारिंगी-लाल डाग आणि विरळ, उभे केस. सुरवंटच तो, पण घोंगडी पांघरल्यासारखा गच्च केसाळ नाही. लपण्याची तिला काही फिकीर नसते. फांदीच्या टोकाशी उघड्यावर बसून खात असते.

मोठी झालेली अळी पानांवरून फुलांकडे आणि फुलांवरून शेंगांकडे वळते. हा क्षण अवश्य पाहण्यासारखा आहे. ती शेंगेच्या सालीला गोल भोक पाडते, डोके आत घालते आणि कोवळे दाणे एकेक करून खाते. मेडिकाजिनियाची शेंग इतकी लहान की अळीचे फक्त डोके आत मावते, बाकी अंग बाहेर राहते. तागाच्या शेंगेत ती अर्धीअधिक शिरते. तागाचे बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्याला ही केसाळ अळी चांगली माहीत असते, कारण पाने गेली तरी झाड सावरते, दाणे गेले की पीकच जाते. हिरवळीसाठी पेरलेल्या तागात मात्र पारडे उलटे. शेत फुलावर येताच नांगर फिरतो आणि अळ्या तागाबरोबर गाडल्या जातात.

दाण्यांचा हव्यास कशासाठी? झाडाने आपले बहुतेक विष दाण्यांच्या रक्षणासाठी तिथेच साठवलेले असते. अळीला तेच हवे असते. पूर्ण वाढलेली अळी खाली उतरून पाचोळ्यात किंवा दगडाच्या आडोशाला रेशमाचे विरळ जाळे विणते आणि त्यात कोषात जाते. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास साधारण महिना-पाच आठवड्यांत पुरा होतो आणि वर्षाला कित्येक पिढ्या निघतात. या पतंगाला हिवाळाभर सुप्त पडून राहण्याची सोय नाही. म्हणूनच युरोपच्या उत्तरेला तो फक्त पाहुणा म्हणून पोचतो, तिथे टिकत नाही. दिल्लीच्या जानेवारीत अळीची वाढ मंदावते.

आता त्या विषाकडे येतो. अल्कलॉइड झाडात असते तेव्हा त्याचे रूप बहुतांशी निरुपद्रवी असते. रसायनशास्त्रात त्याला एन-ऑक्साइड म्हणतात. ते गाईच्या, मेंढीच्या किंवा माणसाच्या आतड्यात गेले की त्याचा ऑक्सिजन निघून जातो, उरलेला भाग रक्तात शोषला जातो आणि यकृतात पोचतो. विषारी पदार्थ निकामी करणे हे यकृताचे कामच, पण इथे यकृताची विकरेच त्याला जहाल बनवतात. यकृतातल्या बारीक शिरा बंद होऊ लागतात, पोटात पाणी साचते. आपण ज्याला जलोदर म्हणतो ते होते. अळीच्या आतड्यातही ऑक्सिजन निघून जातोच, पण तिच्या रक्तात असे विकर आहे की जे तो ऑक्सिजन लगेच परत चिकटवते. विष पुन्हा निरुपद्रवी रूपात येते आणि त्याच रूपात साठवले जाते. तिला खाणाऱ्याच्या पोटात मात्र ते पुन्हा जागे होते. एका अणूच्या देवाणघेवाणीवर हा सगळा संसार उभा आहे. मला निसर्गात याहून सुंदर यंत्रणा फार थोड्या ठाऊक आहेत.

या विषाचा पतंगाच्या गंधाशी संबंध कळला तो पतंगांच्या प्रेमापोटी नव्हे, मेंढ्यांच्या चिंतेपोटी. ऑस्ट्रेलियात हेलिओट्रोपियम खाऊन मेंढ्या मरत होत्या आणि तिथल्या सीएसआयआरओ या संस्थेत कल्व्हेनॉर आणि एडगर हे रसायनतज्ज्ञ या अल्कलॉइड्सचा पाठपुरावा करत होते. १९७२ साली त्यांनी दाखवून दिले की उटेथाइसाच्या नरापाशी, पोटाच्या टोकाशी असलेल्या केसांच्या झुपक्यांत, याच अल्कलॉइडपासून बनलेला गंध असतो. त्यांनी तपासलेल्या जातींत लोट्रिक्स होता, म्हणजे आपल्याकडे उडतो तोच.

पुढची कथा अमेरिकेत उलगडली. कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस आयस्नर आणि त्यांचे रसायनतज्ज्ञ सहकारी जेरल्ड माइनवाल्ड यांनी उटेथाइसा ऑर्नाट्रिक्स या तिथल्या जातीवर अनेक वर्षे काम केले. फ्लोरिडातल्या कोळ्याच्या जाळ्यात हा पतंग टाकला की कोळी धावत येतो, तपासतो आणि जाळ्याचे धागे तोडून पतंगाला सोडून देतो. हाच पतंग अल्कलॉइड नसलेल्या कडधान्याच्या खाद्यावर वाढवला तर कोळी त्याला खाऊन टाकतो. रंग तोच, ठिपके तेच, फरक फक्त अळीने काय खाल्ले याचा. सरांचा प्रश्न तो कोळी आपल्या पद्धतीने विचारतो, असे मला हे वाचताना वाटले होते.

मीलनाची हकीकत याहून थक्क करणारी. संध्याकाळी मादी झाडावर बसून पोटाच्या टोकाकडून गंध सोडते, तोही सलग नाही, ठेक्याने. नर वाऱ्याच्या उलट दिशेने तिच्यापर्यंत येतो, तिच्याभोवती घिरट्या घालतो आणि आपले केसांचे झुपके उघडून तिच्या अंगावर फिरवतो. त्या झुपक्यांवरच्या गंधाची मात्रा नराच्या अंगात किती अल्कलॉइड आहे त्यानुसार ठरते. मादी त्यावरून निवड करते. मीलन कित्येक तास चालते. त्यात नर शुक्रपेशींबरोबर अल्कलॉइडचाही मोठा साठा एका पुडीत मादीला देतो. त्या पुडीचे वजन नराच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतके असू शकते. मादी हा आहेर आपल्या अंगातल्या साठ्यात मिसळते आणि अंड्यांना देते. आयुष्यात ती सरासरी चार-पाच नरांशी मीलन करते. अंडे झाडावर पडते तेव्हा त्यात आईचे विष असते आणि बापाचेही, आणि मुंग्या किंवा भुंगेरे अशी अंडी टाळतात. ज्या अळ्यांना पुरेसे अल्कलॉइड मिळत नाही, त्या प्रयोगशाळेत आपल्याच जातीची अंडी खाताना आढळल्या; विष मिळवण्याची निकड इतकी मोठी आहे. हे सगळे अमेरिकन जातीवरचे निरीक्षण आहे. आपल्या जातींची झाडे आणि रसायने त्याच गटांतली आहेत. पण दिल्लीच्या माळावर बसून हा सगळा क्रम अंड्यापासून अंड्यापर्यंत कोणीतरी पाहावा, असे मला मनापासून वाटते.

याच विषाची एक दुःखद बाजू सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या, आजच्या छत्तीसगडमधल्या सरगुजा जिल्ह्यात काही गावांत लोकांची पोटे फुगू लागली. ६७ जण आजारी पडले आणि त्यांतले २८ दगावले. दिल्लीच्या एम्समधले डॉ. बी. एन. टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साथीचा माग काढला. तो पोचला गोंदलीपर्यंत. गोंदली म्हणजे आपल्या वरीच्या जातीचे बारीक धान्य. त्या धान्यात खुळखुळ्याच्या क्रोटालारिया नाना या जातीचे दाणे मिसळले गेले होते. १९७६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा अहवाल छापून आला. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात अफगाणिस्तानातल्या हेरातजवळची अशीच साथ नोंदली गेली. तिथे गव्हात हेलिओट्रोपियमचे बी मिसळले होते. एका देशात खुळखुळा, दुसऱ्या देशात भुरुंडीची बहीण, म्हणजे आपल्या पतंगाची दोन्ही घराणी. ही माणसे गरीब होती. दुष्काळी वर्षांत शेतात धान्यापेक्षा तण जास्त वाढले आणि जे पिकले ते निवडून टाकण्याची ऐपत त्यांच्याकडे नव्हती. अळी जे क्षणात परतवते, ते त्या लोकांच्या यकृताला परतवता आले नाही.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग ही झाडे वस्तीजवळ हवीत कशाला? त्यांना मी सांगतो की हे विष स्पर्शाने चढत नाही, वाऱ्यानेही येत नाही. सरगुजात माणसे दिवसेंदिवस ते दाणे भाकरीतून, भातातून खात राहिली. उपाय धान्य निवडण्यात आहे, गुरांना चाऱ्याची निवड ठेवण्यात आहे. अरवलीतला खुळखुळा उपटून सरगुजासारख्या ठिकाणचे एकही यकृत वाचणार नाही.

आणि उपटला तर काय जाते, ते पाहा. खुळखुळ्याच्या एका झुडपावर उटेथाइसा एकटा नसतो. नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेला आर्जिना पतंग त्याच पानांवर अळ्या वाढवतो. ‘पी ब्लू’ हे निळे फुलपाखरू फुलांच्या कळ्यांवर अंडी घालते. ‘प्लेन टायगर’ आणि ‘ब्लू टायगर’ फुलपाखरांचे नर वाळलेल्या भुरुंडीवर आणि खुळखुळ्यावर जमतात आणि पायांनी खरवडून त्यांतली अल्कलॉइड्स शोषतात, त्यांनाही नरपणाचा गंध त्यातूनच बनवायचा असतो. मोठे भुंगे फुलांचे परागण करतात. मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन मातीत आणतात.

दिल्लीत ही झाडे कुठे उरली आहेत? जे. के. माहेश्वरी यांचे ‘द फ्लोरा ऑफ डेल्ही’ १९६३ साली निघाले. ते घेऊन आज रिजवर फिरलो तर बऱ्याच जागी विलायती कीकर भेटतो. इंग्रजांच्या काळात आणलेले हे झाड आपल्या सावलीत आणि पाल्यात खालच्या लहान वनस्पतींना वाढू देत नाही, आणि आपल्या पतंगाचे सगळे जग त्या खालच्या थरातच आहे. जिथे कीकर काढून मूळचे गवत आणि झुडपे परत आणली, तिथे चित्र बदलते. गुरुग्रामचे अरवली जैवविविधता उद्यान पूर्वी खाणींनी पोखरलेली जमीन होती. नागरिकांनी आणि विजय धस्माना यांच्यासारख्या जाणकाराने २०१० पासून तिथे अरवलीचीच झाडे लावली. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या जागेला संरक्षित क्षेत्राबाहेरचे संवर्धनस्थळ म्हणून मान्यता मिळाली, भारतातली पहिलीच. उत्तरेला यमुना जैवविविधता उद्यानात प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली नदीकाठचा असाच प्रयत्न झाला. मी या दोन्ही जागांचे मनापासून कौतुक करतो. पण माझी खरी आशा शहराच्या मोकळ्या कडांवर आहे, कारण मेडिकाजिनिया आणि भुरुंडी उद्यानाची वाट पाहत नाहीत.

अडचण अशी की पाऊस संपला की या कडा साफ केल्या जातात. सोसायटीचा माळी असो की पालिकेचे कंत्राटी कामगार, ऑक्टोबरमध्ये गवत कापायचे आणि पाला उचलून न्यायचा, ही रीत आहे. त्याच वेळी पानाखाली अंडी असतात, शेंगांत अळ्या असतात आणि पाल्यात कोष असतात. हौसेने केलेल्या फुलपाखरू-बागा तरी काय करतात? झेंडू, घाणेरी, पेंटास लावून मध पुरवतात. पण मधावर पतंग जगेल, त्याची अळी जगणार नाही. माझे मागणे फार लहान आहे. मैदानाच्या एका कडेची हातभर रुंदीची पट्टी डिसेंबरपर्यंत कापू नका. तिथे खुळखुळा आपोआप उगवेल, बी जमिनीत असतेच. कापायचेच झाले तर शेंगा वाजू लागल्यानंतर कापा, म्हणजे दाणे तिथेच गळतील.

आणि जी तरुण मंडळी आज मोबाइलने पतंगांची छायाचित्रे काढतात, जुलैच्या शेवटी येणाऱ्या पतंग सप्ताहात रात्रीरात्री दिवा लावलेल्या पांढऱ्या पडद्यापुढे बसतात, त्यांच्याशी थोडे बोलायचे आहे. पडद्यावर आलेला पतंग कुठून आला, हे पडदा सांगत नाही. दिव्याखाली उटेथाइसा दिसला तर सकाळी त्याच परिसरात खुळखुळा आणि भुरुंडी शोधा. अळी सापडली तर पान, फूल आणि शेंग यांचे वेगळे छायाचित्र घ्या, कारण एका पानावरून क्रोटालारियाची जात ठरत नाही. अळी झाडावरून उचलून डबीत ठेवू नका, ठेवलीच तर त्याच झाडाची फांदी रोज ताजी द्या आणि पतंग निघाल्यावर तिथेच नेऊन सोडा. तारीख लिहा, जागा लिहा, अळी पानावर होती की शेंगेत, तेही लिहा. दिल्लीत ही अळी जानेवारीत कोणत्या झाडावर दिवस काढते आणि मेच्या उन्हात, खुळखुळा वाळलेला असताना, कुठे जाते, हे अशाच नोंदींतून कळेल.